पोरीसाठी सोडलेली हवा

शांतव्वाचं काळीज त्या दिवशी सकाळपासूनच ठिकाणावर नव्हतं. लेकीला आणायला जायचं म्हणजे आनंदाची गोष्ट, आणि आनंद झालाही होता, पण त्या आनंदाच्या पोटात भीती बसली होती. शांभवी तिची एकुलती एक, आजऱ्याला दिलेली. गेल्या वर्षी पहिलं पोट राहिलं आणि गेलं. पुन्हा दिवस गेल्यावर मायलेकींनी फोनवर मोठ्यानं हसायचंसुद्धा सोडलं होतं, नजर लागेल म्हणून. आता देवाच्या दयेनं सातवा सरत आला होता. उद्यापासून आठवा, आणि आठव्यात पोटुशीनं उंबरा ओलांडायचा नाही ही दोन्ही घरांची रीत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, तेव्हा आज जाऊन आजच आणायला हवी होती. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली ती एकाच अटीवर, गाडीत धक्के बसू द्यायचे नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं म्हणतात, शांतव्वा तर साधं पाणीही फुंकून पीत होती.

आणि नवरा? नवरा शीळ घालत गाडी पुसत होता.

चन्नवीर माणूस सोन्यासारखा. कळंब्यात त्याचा शेंगतेलाचा लाकडी घाणा होता आणि गिऱ्हाईक त्याच्या जिभेवर आणि तेलावर सारखंच खूश होतं. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की साक्षात महादेव खाली उतरला तरी ऐकायचा नाही. त्याच्या बापाची बैलजोडी गावात नावाजलेली. बेंदराला बाप बैलांच्या शिंगांना आणि खुरांना तेल चोळायचा, तेव्हा म्हणे त्यात तोंड दिसायचं. बैल गेले, गोठा मोडला, गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड आली आणि शेडमध्ये पांढरी गाडी. मग बैलांवरचं सगळं प्रेम चन्नवीरनं त्या गाडीवर ओतलं. ओतलं म्हणजे खरोखरच ओतलं हो! दर अमावास्येला गाडी धुवायची, पुढं विभूतीचे पट्टे ओढायचे, नारळ फोडायचा आणि घाण्यावरचं तेल फडक्यावर घेऊन चारी टायरांना चोळ चोळ चोळायचं. टायर असे चमकायचे की येणाजाणारा विचारायचा, "काय चन्नवीरअण्णा, नवं घातलं का?" मग अण्णांची छाती फुगायची. "कुठलं नवं? गाडीबरोबरचं हाय. जपनूक लागती, जपनूक."

डिकीत पाण्याचा कॅन ठेवताना शांतव्वाच्या पदराला मागच्या टायरचा काळा चिकटा लागला. पुसायला म्हणून ती खाली वाकली आणि वाकल्यावर तिला ते दिसलं. टायरच्या कडेला, चकाकीखाली, बारीक बारीक भेगा. तिनं नख लावून बघितलं तर नख आत गेलं.

"अवो, हितं या जरा. ह्याला भेगा पडल्यात की."

चन्नवीरनं वाकून बघितलं आणि हसला. "अगं, तुझ्या टाचंला पडत्यात त्या काय येगळ्या असत्यात? तेल मुरलं की भरत्यात. तू नक्षी बघ नक्षी, हाय तशी हाय. गाडी फिरलीया किती? लगीन न्हायतर जत्रा. टायर पळून झिजतंय, बसून न्हाय झिजत."

"आज पोरगी बसनार हाय हो तिच्यात."

"मग? माझी कोन न्हाय व्हय ती?"

यावर बोलायचं काय? शांतव्वा डिकी लावून गाडीत बसली. पण जाताना सारा रस्ता तिचा जीव टांगणीला लागला होता. खड्डा आला की ती डोळे मिटायची आणि मनात शिवा शिवा म्हणायची. काही झालं नाही. गाडी सुखरूप आजऱ्यात पोचली आणि चन्नवीरनं उतरता उतरता तिच्याकडे असं बघितलं की जणू परीक्षेत पास होऊन आला.

आजऱ्यात पाहुणचार झाला. शांभवी पोट सांभाळत दारात आली, तेव्हा शांतव्वाला वाटलं, तोंड उतरलंय पोरीचं, पण रंग उजळलाय. विहीणबाईंनी ओटी भरली आणि शांतव्वाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "इनबाई, मागल्या बारीला काय झालं ते तुम्हाला ठावं हायच. आमची ठेव हाय, जपून न्या."  शांतव्वानं त्यांचा हात धरून मान हलवली.

ठेव जपून न्या म्हणायचं आणि गाडीत डोंगर भरायचा, ही विहीणबाईंची तऱ्हा. घनसाळ तांदळाचं पोतं झालं, काजूगराचा डबा झाला, वर दोन फणस. डिकी बंद होईना. गाडी मागनं खाली बसली. जावई श्रीशैल काजूच्या कारखान्यात मॅनेजर, बोलायला मऊ. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मामा, राग मानू नका, पण माझी गाडी घेऊन जावा. तुमची मी उद्या आणून पोचवतो."

"लेक न्यायाला आलेला बाप जावयाची गाडी मागून नेतोय व्हय? हसतील लोकं."

"बरं, मग निदान चाकात हवा तरी बघून घ्या. ओझं वाढलंय."

"बघतो की," चन्नवीर म्हणाला.

आणि त्यानं बघितली. कशी बघितली ते एकट्या शांतव्वाला दिसलं. सगळी मंडळी आत चहाला गेल्यावर तो चाकापाशी उकिडवा बसला, काडेपेटीतली काडी काढली आणि हवा भरायच्या वॉलमध्ये दाबून धरली. फुस्स करून हवा निघाली. एका चाकाची झाली, मग दुसऱ्याची, असं करत चारी चाकांची.

"अवो, हवा भरायची का सोडायची?"

"तुला काय कळतंय? भरल्यालं टायर दगडागत असतंय. खड्ड्यात गेलं की धक्का थेट पोटाला. हवा कमी केली म्हंजे गाडी कशी गादीगत जाती, बघच तू. पोरीला कळायचं बी न्हाय रस्ता कुठं संपला ते."

खरं सांगायचं तर शांतव्वाला त्या क्षणी नवऱ्याचं कौतुकच वाटलं. तोंडानं कितीही शीळ घालो, धक्क्याची गोष्ट त्याच्याही काळजात रुतलेली होती. डॉक्टरीणबाईंचा शब्द त्यानं आपल्या परीनं पाळला होता. सकाळच्या भेगा ती विसरली नाही, पण मनाशी म्हणाली, असू दे, बापाच्या हातात आहे पोरगी.

गाडी खरंच गादीगत निघाली. उत्तूर मागं पडेपर्यंत शांभवीला झोप लागली. मागच्या सीटवर डाव्या अंगाला ती, तिचं डोकं शांतव्वाच्या खांद्यावर, आणि शांतव्वाचा हात तिच्या पोटावर. मधूनच आतलं लेकरू हलायचं आणि शांतव्वाला हसू फुटायचं. चैत्राचं ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर पाघळल्यासारखं दिसत होतं. चन्नवीर आरशातून बघून म्हणाला, "काय म्हनलोतो? कळलं का तिला?"

हायवे लागला आणि त्यानं वेग वाढवला.

थोड्या वेळानं शांतव्वाच्या नाकाला वास आला. पहिल्यांदा तिला वाटलं, बाहेर कुणीतरी भजी तळतंय. पण भज्याचा वास मागं राहायला हवा होता, हा गाडीबरोबर येत होता. जन्म घाण्यावर गेलेली बाई ती, तेलाचा वास तिला शिकवावा लागत नव्हता. जुनं, कुबट शेंगतेल कढईत करपायला लागलं की असा वास येतो. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता, चप्पल चुलीत पडल्यासारखा.  वास शांभवीच्या बाजूनं येत होता, खालून, चाकातून.

"अवो, गाडी थांबवा."

"का गं?"

"वास येतोय. चाक जळायलंय."

"पुढं ट्रक हाय, त्याचा ब्रेक तापलाय. खिडकी लाव."

"ट्रकचा न्हाय हो. आपलं तेल हाय ते, मला कळतंय. थांबा."

"भर उन्हात कुठं थांबतीस? झाडाचं पान न्हाय हितं. पोरगी झोपलीया, तिला उठवून उन्हात उभी करू? कागलात थांबू."

"थांबा म्हनते की मी!"

"अन् मी कागलात म्हनतोय की!"

पालथ्या घड्यावर पाणी. शांतव्वाला आता सीटखालून एक थरथर जाणवायला लागली होती. बारीक होती, पण थांबत नव्हती. तिनं लेकीकडं बघितलं. झोपेत तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम, हात पोटावर. हिला उठवून सांगायचं तरी काय? घाबरली तर तेवढ्यानंच काहीतरी व्हायचं. आणि या माणसाला थांबवायचं तरी कसं? घरात तो ऐकतो असं एकच, ते म्हणजे लेकीचं दुखणं. शांभवीला लहानपणी शिंक आली तरी घाणा बंद करून येणारा बाप तो. शांतव्वानं देवाची माफी मागितली आणि तोंडातनं अभद्र काढलं.

"अवो, पोरीच्या पोटात कळा यायल्यात. थांबवा गाडी!"

चन्नवीरनं आरशात बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि त्यानं पाय दाबला. ब्रेकवर नाही हो, ॲक्सिलेटरवर!

"धर तिला! घट धर! दवाखान्यात न्हेतो, धा मिंटात न्हेतो!"

आता काय म्हणावं या माणसाला! गाडी सुसाट सुटली. ट्रक मागं पडला, एसटी मागं पडली. खालची थरथर वाढून थडथड झाली. वास असा भरला की डोळे चुरचुरायला लागले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! शांतव्वा पुढं वाकून ओरडली.

"अवो, खोटं बोलले मी! तिला काय न्हाय झालं! तुम्ही थांबावं म्हनून बोलले!"

"आता मला धीर द्यायाला खोटं बोलू नको, शांते! आरशात दिसतंय मला, घामानं भिजलीया पोरगी!"

"उन्हानं भिजलीया हो!"

"गप बस तू!"

या आरडाओरड्यानं शांभवी दचकून जागी झाली. "अव्वा? काय झालं? आप्पा एवढ्या जोरात का चालवायलेत?"

"घाबरू नको बाळा," चन्नवीर ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "आलाच बघ दवाखाना! धीर धर!"

"मला काय झालंय? मी बरी आहे, आप्पा."

"व्हय, बरीच हाईस तू. आईचीच लेक. दात खाऊन सोसशील, पन बोलायची न्हाईस."

शांतव्वानं मग शांभवीच्या कानाला लागून सांगितलं. चाक जळतंय, तुझा बाप थांबत नाही, मी खोटं बोलले आणि आता खरं बोललं तरी पटत नाही.  शांभवीनं वास घेतला, खालची थडथड ऐकली आणि तिचे डोळे मोठे झाले. एकदम तिनं दोन्ही हात पोटाखाली धरले. ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आप्पा, मला धक्के बसायलेत. पोटाला लागतंय. सावकाश घ्या."

धक्का! त्या एका शब्दानं चन्नवीरचा पाय आपोआप वर आला. गाडीचा वेग उतरायला लागला. उतरता उतरता गाडीनं डावीकडे हिसडा मारला, चन्नवीरनं स्टेअरिंगला लटकून तिला सरळ धरली, आणि घसरत, लंगडत गाडी रस्त्याच्या कडेला एका करंजाच्या झाडाअलीकडं उभी राहिली.

शांतव्वानं दार उघडून लेकीला बाहेर काढलं आणि काखेत धरून झाडाकडं चालवत नेलं. मागं चन्नवीर चाकापाशी उभा होता. डावं मागचं टायर कडेनं फुगून आलं होतं, पाठीवर गळू यावं तसं. रबरातून धूर निघत होता आणि वर तेल चकाकत होतं.

"आयला, हे काय झालं?" म्हणत तो खाली वाकला, हात लावायला.

शांतव्वा पळत आली, तिनं मागनं त्याची कॉलर धरली आणि जीव खाऊन ओढला. संसारात नवऱ्याच्या अंगावर तिनं कधी हात टाकला नव्हता. तो भेलकांडून उताणा पडला, तिच्यासकट. शिव्या द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात टायर फुटलं. आवाज असा झाला की झाडावरचे कावळे उठले. रबराचा एक लांबडा तुकडा, चन्नवीरचं तोंड जिथं होतं तिथून सूं करत गेला आणि रस्त्याच्या पलीकडं पडला.

दोघं धुळीत बसून राहिली. मग झाडाखालून शांभवीचा आवाज आला. "अव्वा. अव्वा, लवकर ये."

शांतव्वा कशी पोचली तिचं तिलाच कळलं नाही. शांभवी खोडाला टेकून बसली होती, दोन्ही तळवे पोटावर. "हलंना झालंय गं. तो आवाज झाला, त्यावेळी एकदम गोळा झाला पोटाचा. आता काहीच नाही."

"आसं कसं? असंल, झोपलं असंल." बोलताना शांतव्वाला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. तिनं पदर अंथरला, लेकीला डाव्या कुशीवर निजवलं, पिशवीतला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला, वर पाणी पाजलं. हात फिरवला, थोपटलं, हलकंच दाबून बघितलं. पोट घट्ट होतं. आत शांत होतं. गेल्या वर्षीही अशीच शांतता होती, दवाखान्याच्या त्या खाटेवर, आणि नंतर डॉक्टरीणबाईंनी मान हलवली होती. शांतव्वानं तो विचार मनातून ढकलला, तो परत आला.

चन्नवीर जवळ येईना. बापानं लेकीच्या पोटाकडं बघायचं नाही म्हणून तो पाठ करून उभा होता, धुळीनं माखलेला, एक चप्पल कुठंतरी गेलेली. थोड्या थोड्या वेळानं न वळता विचारायचा.

"हललं का गं?"

"न्हाय."

गाड्या जात होत्या. कुणी वेग कमी करून बघायचं आणि पुढं जायचं.

"आता?"

"न्हाय अजून. गप बसा जरा."

तो शिवा शिवा म्हणू लागला. त्याचे खांदे हलत होते.

आणि मग शांतव्वाच्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. तिला वाटलं भास झाला. पुन्हा सरकलं, आणि पाठोपाठ अशी सणसणीत लाथ बसली की शांभवी "आई गं" म्हणून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"हललं हो!" शांतव्वा ओरडली. "लाथ मारली! चांगली दनकून मारली!"

चन्नवीर होता तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. 

श्रीशैलला फोन शांभवीनं लावला. तो निघालोच म्हणाला. मग म्हणाला, मामांना दे. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मामा, निघताना हवा बघितलीसा न्हवं?"

"बघितली की." चन्नवीर म्हणाला. "सोडली थोडी. धक्के बसू नयेत म्हनून."

 मग श्रीशैल हळूच म्हणाला, "मामा, हवा कमी असली की टायर कडेनं चेपतंय आणि तापतंय. त्यात ओझं, त्यात हे ऊन. तरी एवढ्यात फुटायला नको होतं. किती जुनं होतं?"

"गाडीबरोबरचं. पन जपलंतं मी. दर आवसंला तेल चोळत हुतो."

"तेल?"

"घाण्याचं. शुद्ध."

"मामा, तेलानं रबर कुजतंय. आणि कमी फिरवलं तरी टायरचं वय होतंच की हो. भेगा पडल्या नव्हत्या का?"

चन्नवीरनं शांतव्वाकडं बघितलं. तिनं मान दुसरीकडं वळवली. तिला काही जिंकायचं नव्हतं. "पडल्यात्या," तो फोनमध्ये म्हणाला. "दावल्या हुत्या मला. तू ये बाबा लवकर. तुझ्याच गाडीतनं न्हेऊ पोरीला. अन् थेट दवाखान्यात दावून मग घरी."

फोन ठेवून तो झाडाखाली आला आणि पहिल्यांदाच दोघींच्या समोर बसला. तो मातीत बोटानं रेघा ओढू लागला.

"शांते, कळ आली म्हनालीस ते खोटं हुतं न्हवं?"

"व्हय."

"अन् मग खोटं बोलले म्हनालीस, ते खरं हुतं."

"व्हय."

"तू थांबा म्हनालीस, मी थांबलो न्हाय. पोरगी दुखती म्हनालीस, तर मी पळवली. खरं सांगितलंस तर पटलं न्हाय." त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "आज काय झालं असतं, शांते? मग मला थांबवायचं असलं, तर काय म्हनायचं असतंय गं?"

 इतक्या वर्षांचा संसार झाला, तिनं किती शब्द वापरून बघितले होते, गोड, कडू, रुसून, रडून. ती लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

शांभवी पोटावरचा हात न काढता म्हणाली, "थांबा म्हणायचं असतंय, आप्पा. आणि तुम्ही थांबायचं असतंय."